तापलेल्या इंजिनाचा इतिहास



मोटारीचे इंजिन तापते अशी तक्रार घेऊन कोणी गेला, तर जाणता मिस्त्री बोनेट उघडण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो, "तापते कधी?" उभी असताना तापते की धावताना? सकाळी सुरू केल्याबरोबर तापते की घाट चढताना? पाणी कमी होते, की भरलेले असूनही तापते? तक्रार घेऊन आलेल्या माणसाला हे प्रश्न वेळकाढूपणाचे वाटतात. वस्तुतः निम्मे निदान तेथेच होऊन जाते. कारण असे की, इंजिन थंड राखण्यासाठी मोटारीत जी पाचसहा साधने असतात ती कोणा एकाने एका बैठकीत योजलेली नाहीत. एकेक अडचण आली, आणि एकेका अडचणीवर एकेक उपाय बसविला गेला. त्यांपैकी एखादे साधन बिघडले की मोटार त्या साधनाच्या पूर्वीच्या काळात जाऊन पडते, आणि त्या काळची नेमकी तीच अडचण चालकापुढे उभी राहते. ज्याला हा इतिहास ठाऊक आहे त्याला बिघाडाची जागा शोधत फार हिंडावे लागत नाही, असे माझे मत आहे.

डिचोली तालुक्यात, विशेषतः मये, शिरगाव, पिळगाव या टापूत, हा विषय करमणुकीचा नाही. १९५० नंतरच्या दशकात गोव्याचे लोहखनिज जपानकडे मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले, तेव्हापासून खाणीपासून सारमानससारख्या नदीकाठच्या धक्क्यापर्यंत माल पोचविणारा ट्रक हा या भागातल्या कित्येक कुटुंबांचा अन्नदाता झाला. ज्याच्या घरी एकच ट्रक आहे आणि त्या ट्रकावर बँकेचे कर्ज आहे, त्याच्या दृष्टीने तापलेले इंजिन म्हणजे महिन्याचा हप्ता. इंजिन तापून हेड वाकले किंवा पिस्टन धरून बसले तर दुरुस्तीचा खर्च हजारांत मावत नाही. आणि हे नुकसान बहुधा शेवटच्या दहा मिनिटांत होते. काटा तांबड्या रेषेला टेकल्यावरही "एवढी चढण काढू या" म्हणून जी दहा मिनिटे गाडी हाकली जाते, त्या दहा मिनिटांत.

इंजिन तापते का, हा प्रश्न एका अर्थी उलटा आहे. न तापणारे इंजिन असूच शकत नाही. पेट्रोल जळते तेव्हा सिलिंडरातील वायूचे तापमान दोन हजार अंशांच्या वर जाते, आणि ज्या ॲल्युमिनियमचे हेड आणि पिस्टन घडविलेले असतात ते सहाशे साठ अंशांना वितळते. इंधनाच्या उष्णतेपैकी चौथा हिस्सा, फार तर तिसरा, चाके फिरविण्याच्या कामी येतो. बाकीची काही सायलेन्सरच्या नळीतून बाहेर जाते आणि जवळजवळ तेवढीच इंजिनाच्या अंगात मुरते. ती सतत बाहेर काढीत राहिले नाही तर काही मिनिटांतच धातूचा धातूपणा सुटतो. म्हणजे मोटार चालविणे ही जशी चाके फिरविण्याची कला आहे, तशीच ती उष्णता टाकून देण्याची कला आहे.

कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट नोंदविले, त्या मोटारीत उष्णता टाकण्याची युक्ती अगदी साधी होती. सिलिंडराभोवती पाणी, आणि ते पाणी उकळून वाफ होऊन निघून जायचे. युक्ती साधी असली तरी शास्त्राला सोडून नव्हती. एक लिटर पाणी उकळून वाफ होताना जेवढी उष्णता घेऊन जाते, तेवढ्या उष्णतेत पाचाहून अधिक लिटर गार पाण्याला उकळी येईल. पण गेलेले पाणी परत येत नाही, ही त्यातली मेख. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझ यांची पत्नी बर्था हिने नवऱ्याला न सांगता आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरांचा प्रवास केला. मोटारीने केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास म्हणून त्याची नोंद आहे. इंधन तिने वाटेतल्या एका औषधाच्या दुकानातून घेतले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. त्या मानाने कमी सांगितली जाते ती गोष्ट अशी की, पाण्यासाठी तिला पुन्हापुन्हा थांबावे लागले. जेथे पाणी दिसेल तेथे गाडी उभी करून ते भरून घ्यावे लागले.

आज ज्या गाडीत दर दोन दिवसांनी पाणी घालावे लागते ती गाडी बर्थाबाईच्या काळात गेलेली आहे, असे समजावे. बंद व्यवस्थेतले पाणी संपता कामा नये. संपते, म्हणजे ते कोठून तरी जाते. पहिल्याने गाडीखालची जमीन पाहावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली हिरवा किंवा गुलाबी ओघळ दिसला तर शोध सोपा: रबराची नळी चिरलेली असेल, नळीचा पट्टा सैल असेल, रेडिएटरचा सांधा उसवला असेल, किंवा पाण्याच्या पंपाखालच्या बारीक छिद्रातून थेंब येत असतील. हे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजल्याची बातमी ते देते. ते बुजविणारे बहाद्दरही मी पाहिले आहेत.

जमीन कोरडी आणि तरीही पाणी कमी, ही मात्र भीतीची खूण. अशा वेळी पाणी इंजिनाच्या आतच जात असण्याचा संभव फार. हेड आणि ब्लॉक यांमधले गॅस्केट जळले की एका बाजूने पाणी सिलिंडरात शिरते आणि दुसऱ्या बाजूने जळता वायू पाण्यात शिरतो. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि इंजिन तापल्यावरही थांबत नाही. तेल दुधाळ होते. इंजिन थंड असताना झाकण काढून सुरू केले तर रेडिएटरात बुडबुडे येताना दिसतात. अशी गाडी पाण्याचा डबा बरोबर ठेवून चालवणे म्हणजे रोज थोडेथोडे इंजिन विकणे होय.

बेंझ यांच्या या अडचणीवर खरा तोडगा काढला तो विल्हेल्म मायबाख यांनी. गॉटलिब डाइमलर यांच्या कंपनीत ते मुख्य अभियंते होते. १९०० साली त्यांनी जी नवी मोटार तयार केली, आणि जिला पुढे मर्सिडीज हे नाव मिळाले, तिच्या तोंडाशी त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा एक रेडिएटर बसविला. सहा मिलिमीटर रुंदीच्या आठ हजार सत्तर चौकोनी नळ्या एकमेकींना जोडलेल्या. नळ्यांतून वारा आणि नळ्यांच्या भोवती पाणी. पाणी तेच, फिरून फिरून वापरायचे. जायची ती फक्त उष्णता, आणि ती वाऱ्याने न्यायची. पस्तीस अश्वशक्तीच्या त्या इंजिनाला अवघे नऊ लिटर पाणी पुरू लागले. आजचा रेडिएटर हा त्याच पोळ्याचा वंशज आहे. मायबाख यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि आपल्या निदानाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची. गाडी हळू चालली की वारा कमी पडतो, हे ओळखून त्यांनी रेडिएटरच्या मागे पंखा लावला.

या दोन गोष्टी, पोळे आणि पंखा, मनात वेगळ्या ठेवल्या की "तापते कधी?" या प्रश्नाचे मर्म उलगडते. ३ डिसेंबरच्या फेस्ताला जुन्या गोव्याला जाणारी मंडळी नार्व्याच्या फेरीबोटीसाठी रांगेत उभी असतात, किंवा वैशाखात शिरगावच्या लईराईच्या जत्रेला गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात. अशा वेळी काटा चढू लागला आणि रस्ता मोकळा होताच उतरला, तर दोष पंख्याकडे आहे. धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच मिळायचा असतो. याच्या उलट रांगेत गाडी शांत, आणि आंबोलीचा किंवा अनमोडचा घाट चढताना, भार घेऊन जोर लावताना मात्र तापते, असे असेल तर पंखा निर्दोष समजावा आणि पोळ्याकडे पाहावे. पोळे बाहेरून बुजते तसे आतूनही बुजते. आमच्याकडे बाहेरून बुजविण्याचे काम खाणीची तांबडी धूळ करते. पावसाळ्यात ती चिखल होऊन पत्र्यांच्या फटींत बसते, आणि उन्हाळ्यात तिची वीट होते. जोराचा फवारा मारून ती काढता येते. मात्र फवारा मागून पुढे मारावा, म्हणजे आली त्या वाटेने धूळ परत जाते. फार जोराने मारला तर नाजूक पत्रे दुमडतात आणि वारा कायमचा अडतो.

पंख्याचाही एक लहानसा इतिहास आहे. अँबॅसडर गाडी २०१४ पर्यंत आणि फियाटची पद्मिनी विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तयार होत होती. त्या पिढीच्या गाड्यांत पंखा रबरी पट्ट्याने इंजिनाशी बांधलेला असे. इंजिन फिरले की पंखा फिरणारच. बिघडायचे ते एवढेच की पट्टा सैल व्हायचा किंवा तुटायचा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचे इंजिन आडवे बसविलेले, त्यामुळे रेडिएटर आणि पट्टा यांची तोंडे जुळेनात, आणि पंख्याला विजेची मोटर द्यावी लागली. तेव्हापासून उभ्या गाडीत इंजिन तापले तर फ्यूज, रिले, तापमान ओळखणारा स्विच आणि पंख्याची मोटर अशी चार दारे ठोठवावी लागतात. विजेचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरू लागतो. बोनेटखाली बोटे घालणाऱ्यांनी, आणि विशेषतः शेजारी उभ्या राहणाऱ्या मुलांनी, हे ध्यानात ठेवणे जरूर आहे.

जाता जाता एक योगायोग सांगतो. बेंझ आणि डाइमलर ही एके काळची प्रतिस्पर्धी घराणी १९२६ साली एक झाली, आणि १९५४ साली त्या कंपनीशी करार करून टाटांनी जमशेदपूर येथे ट्रक बांधण्यास आरंभ केला. उकळून जाणाऱ्या पाण्याचा बेंझ आणि मधाच्या पोळ्याची मर्सिडीज ही दोन्ही नावे जोडीने त्या ट्रकांच्या तोंडावर आली!

आता पाणी फिरते कसे, याकडे वळू. हेन्री फोर्ड यांची १९०८ ची मॉडेल टी गाडी आरंभीच्या थोड्या गाड्या सोडल्या तर पाण्याच्या पंपावाचून चालत असे. शाळेच्या प्रयोगशाळेत चंचुपात्राच्या तळाशी पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून तेथेच खालून आच दिली की एक जांभळी रेघ वर चढताना दिसते. तापलेले पाणी हलके होऊन वर जाते आणि गार पाणी त्याची जागा घेते. हाच प्रयोग फोर्ड यांनी दीड कोटी गाड्यांत केला. त्यासाठी नळ्या रुंद, रेडिएटर उंच आणि इंजिन मंद असावे लागे. पुढे इंजिने जोरकस झाली, नळ्या अरुंद झाल्या आणि पंप अपरिहार्य ठरला. म्हणून आज पंपाचे पाते झिजले किंवा त्याचा पट्टा तुटला तर गाडी मॉडेल टी होते, पण मॉडेल टीच्या रुंद नळ्या तिच्यापाशी नसतात. काटा झपाट्याने चढतो, आणि पट्टा तुटला असेल तर बॅटरीचा तांबडा दिवाही बहुधा त्याच वेळी लागतो, कारण पुष्कळ गाड्यांत एकच पट्टा दोघांना फिरवतो. हे दोन संकेत एकत्र दिसले की पुढचे गॅरेज किती दूर आहे याचा विचार न करता गाडी उभी करावी.

पाण्याची ही सारी कटकटच नको, असेही थोरामोठ्यांना वाटून गेले आहे. मोटार सुरू करण्याची विजेची युक्ती शोधणारे चार्ल्स केटरिंग यांनी तांब्याचे पत्रे लावून वाऱ्यानेच थंड होणारी शेव्हरोले गाडी १९२३ मध्ये काढली. ती इतकी तापे की कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावल्या. जर्मन फोक्सवॅगनच्या बीटलला मात्र वाऱ्याचे शीतन साधले आणि ती २००३ पर्यंत तयार होत राहिली. तरी शेवटी जग पाण्याकडेच परतले.

थर्मोस्टॅटविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहे, तेव्हा येथे थोडे थांबतो. हे एक लहानसे झडपेचे यंत्र. इंजिन थंड असताना ते पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवते आणि पाणी सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना पोचले की वाट उघडते. आत एका डबीत मेण असते; ते वितळून फुगते आणि झडप ढकलते. मेणाची ही युक्ती १९३० च्या दशकात रूढ होऊ लागली. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला तर गाडी सुरू करून पाचसात मिनिटे होतात तोच काटा वर जातो, आणि आश्चर्य असे की इंजिन भाजत असताना रेडिएटरकडे जाणारी वरची नळी गारच लागते. निदान इतके सोपे आहे. पण उपाय म्हणून कित्येक मिस्त्री तो काढूनच टाकतात आणि म्हणतात, "आपल्याकडे बर्फ कोठे पडते? हे थंड देशांचे लचांड." हा युक्तिवाद मला मान्य नाही. अपुऱ्या तापलेल्या इंजिनात इंधन नीट जळत नाही, ते अधिक लागते, तेल काजळते आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत आडवाटेने पाणी फिरविणारा एक रस्ता असतो. थर्मोस्टॅट काढला की तो उघडा राहतो, काही पाणी रेडिएटरकडे न जाताच परत येते, आणि चढणीवर गाडी अधिकच तापते. नवा थर्मोस्टॅट बसविण्याचा खर्च आणि इंजिनाचा खर्च यांची तुलना ज्याची त्याने करावी.

यानंतर झाकण. रेडिएटरचे झाकण म्हणजे डब्याचे झाकण, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात ते प्रेशर कुकरच्या शिटीच्या जातीचे आहे. स्प्रिंग लावलेली झडप आतला दाब हवेच्या दाबापेक्षा जवळजवळ दुपटीपर्यंत चढू देते, आणि त्या दाबाखाली पाणी शंभर अंशांना न उकळता एकशे वीसच्या आसपास उकळते. स्प्रिंग मरगळली की दाब टिकत नाही, आणि बाकी सर्व साधने शाबूत असतानाही पाणी उकळून बाहेर येते. रेडिएटर बदलला, पंप बदलला आणि शेवटी दोष झाकणात निघाला, असे घडते ते यामुळे. झाकणात दुसरी एक उलटी झडप असते. इंजिन निवताना ती बाटलीतले पाणी परत आत घेते. ती अडकली तर सकाळी रबरी नळी चेपलेली, पोटात ओढलेली दिसते.

परंतु झाकणाविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट निदानाची नाही. तापलेल्या रेडिएटरातले पाणी शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे पाणी राहिलेले असते. झाकण फिरविताच दाब जातो, त्यातले काही पाणी एका क्षणात वाफ होते आणि उरलेले उकळते पाणी उघडणाऱ्याच्या तोंडावर, छातीवर, हातांवर फेकते. ओला फडका हातात धरल्याने हे टळत नाही. गाडी तापली तर वातानुकूलन बंद करावे. रस्त्याच्या कडेला घेईपर्यंत हीटर पूर्ण सोडावा, कारण तोही एक लहान रेडिएटरच आहे. मग इंजिन बंद करून निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. वरची नळी हाताला सोसेल इतकी निवली आणि दाबल्यावर मऊ लागली की मगच झाकणाला हात लावावा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास धातू तडकण्याची भीती असते. आणि काटा अचानक खाली आला म्हणून आनंद मानू नये. पाणी पार संपले की तापमान मोजणारे टोक कोरडे पडते, आणि इंजिन भाजत असताना काटा "सर्व ठीक" असे सांगतो.

राहिला प्रश्न पाण्याचा. जुन्या काळी ट्रकाच्या पुढे पाण्याची छागल टांगलेली असे, आणि क्लिनर दिसेल त्या विहिरीवरून ती भरी. १९२७ साली अमेरिकेत इथिलीन ग्लायकॉल 'प्रेस्टोन' या नावाने बाजारात आले ते पाणी गोठू नये म्हणून. त्यामुळे आमच्या लोकांचा ग्रह झाला की उष्ण मुलुखात त्याचे काम नाही. वास्तविक ते पाण्याचा उत्कलनबिंदू चढवते, आणि त्यात मिसळलेली द्रव्ये लोखंड व ॲल्युमिनियम गंजू देत नाहीत. मयेच्या तळ्याचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी ते काम त्याच्याने होणार नाही. मात्र हे द्रव्य गोड आणि विषारी असते. उघड्या भांड्यात ठेवल्यास कुत्री ते चाटतात आणि मरतात. मुलांच्या हाती तर ते पडताच कामा नये.

२०१२ साली गोव्यातील खाणी बंद झाल्या, मध्यंतरी काही काळ चालल्या, आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. या टापूतील ट्रक वर्षानुवर्षे माडाखाली उभे राहिले. २०२२ च्या डिसेंबरात डिचोली, शिरगाव-मये आदी खाणपट्ट्यांचा लिलाव झाला आणि पुढे ट्रकांना पुन्हा काम मिळण्याची आशा उत्पन्न झाली. इतका काळ ज्या इंजिनात विहिरीचे साधे पाणी नुसते साचून राहिले, त्याच्या आत गंजाचा गाळ असणारच. असा ट्रक सुरू होतो, अंगणात तासभर चालतो, काटा हालत नाही. आणि पहिली भरलेली खेप चढणीला लागली की तापतो, कारण मोकळ्या गाडीला अर्धे पोळेही पुरते, भरलेल्या गाडीला ते सारे लागते. म्हणून खेप भरण्यापूर्वी इंजिन थंड असताना खालची नळी सोडून पाणी भांड्यात घ्यावे. ते तांबडे आले तर नुसते नवे पाणी भरून भागणार नाही. रेडिएटर उतरवून आतून साफ करावा, ब्लॉक उलट्या प्रवाहाने धुवावा, ताठरलेल्या रबरी नळ्या बदलाव्यात, झाकण नवे घ्यावे, आणि कूलंट घालून ट्रक आधी अर्ध्या भाराने चढणीवर चालवून पाहावा.